कचरा परदेशचा, गिऱ्हाईक घरचे

(वेळापूर, ता. माळशिरस येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम ऐकण्यासाठी वेळापूरकरांनी आपली संध्याकाळ का खर्ची घालावी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. येथे बंदर नाही. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे, अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिराचे आणि उसाच्या फडांचे हे गाव. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. परंतु या विषयाचे मर्म रसायनात नसून शब्दांत आहे, आणि शब्दांशी मात्र पत्रकाराचा रोजचा व्यवहार असतो.

ट्रॅक्टरचे ऑइल बदलल्यावर जे काळे ऑइल निघते, ते आपण वाळवी लागू नये म्हणून चौकटींना लावतो, उरलेले भंगारवाल्याला देतो. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि ज्वलनातून निर्माण झालेली विषारी द्रव्ये त्यात उतरलेली असतात. म्हणून आपल्या कायद्याने वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात केली आहे. हेच तेल आपल्या अंगणात निघते तसे सातासमुद्रापलीकडेही निघते, आणि तिकडचे तेल एकदा आपल्या दारात येऊन उभे राहिले होते.

रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरात १३३ कंटेनर पडून होते. कागदपत्रांत माल म्हणून लिहिले होते वंगणाचे तेल. तपासणीत ते टाकाऊ तेल निघाले. वंदना शिवा यांच्या संशोधन संस्थेने १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेत घातक कचऱ्याच्या आयातीचा प्रश्न चर्चेला होताच. न्यायालयाने १९९७ मध्ये ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली, आणि १४ ऑक्टोबर २००३ रोजी सविस्तर आदेश दिले. पुढे ५ जानेवारी २००५ रोजी निकाल झाला : हे कंटेनर भट्टीत जाळून नष्ट करावेत आणि त्याचा खर्च आयातदारांनी सोसावा. ज्याने प्रदूषण केले त्याने मोल द्यावे, हे तत्त्व न्यायालयाने येथे लागू केले.

आयातदार पंधरा होते. तेल परदेशचे होते, पण ते मागवणारे, त्यावर ‘वंगण’ असे लिहून बिल ऑफ एन्ट्री भरणारे येथेच व्यवसाय करणारे होते. पाश्चात्त्य राष्ट्रे आपल्याला कचराकुंडी समजतात, असे आपण संतापाने म्हणतो. त्या संतापात तथ्य आहे. मात्र कुंडीचे झाकण आतून कोणी उघडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. राष्ट्राभिमान बाळगणाऱ्यांनी तो सर्वांआधी विचारायला हवा, असे मला वाटते.

आता नियम मुळात आले कोठून, ते पाहू. १९७० नंतर प्रगत देशांत पर्यावरणाचे कायदे कडक झाले. विषारी कचऱ्याची विल्हेवाट महाग झाली आणि तो जहाजात भरून दूर कोठेतरी सोडून देणे स्वस्त पडू लागले. नेहमीच्या व्यापारात माल देणारा पैसे घेतो. या व्यापारात माल देणाराच वर पैसे देतो. एवढ्यावरून खरे तर कोणीही सावध व्हावे!

१९८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीची राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले. बहामाने ती उतरवू दिली नाही. एकामागून एक देशांनी नकार दिला. अखेर कॅरिबियन समुद्रातील हैती या दरिद्री देशाच्या किनाऱ्यावर त्यातील सुमारे चार हजार टन राख उतरवली गेली. परवान्यावर काय लिहिले होते, ठाऊक आहे? खत! शेतकऱ्याच्या गावात बसलेल्या आपल्या सर्वांना या एका शब्दाचा अर्थ अधिक सांगायला नको. सत्य कळताच हैतीच्या शासनाने राख परत भरण्यास सांगितले, तेव्हा जहाज पसार झाले. वाटेत त्याने दोनदा नाव बदलले. १९८८ च्या अखेरीस ते सिंगापूरला पोहोचले तेव्हा उरलेली राख त्याच्या पोटात नव्हती. ती समुद्रात गेली होती. हैतीत टाकलेली राख अमेरिकेत परत जायला मात्र नवे शतक उजाडावे लागले.

त्याच सुमारास, १९८८ मध्ये, नायजेरियातील कोको या छोट्या बंदरगावी इटलीहून आलेली विषारी कचऱ्याची हजारो पिंपे सापडली. एका गावकऱ्याने आपले परसदार महिना शंभर डॉलरच्या आसपास भाड्याने दिले होते. पिंपांत काय आहे, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. प्रकरण जगभर गाजले आणि इटलीला तो कचरा परत न्यावा लागला.

या घटनांच्या पार्श्वभूमीवर २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. ५ मे १९९२ पासून तो अमलात आला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारताने त्यास मान्यता दिली. अमेरिकेने १९९० मध्ये स्वाक्षरी केली, परंतु मान्यता आजतागायत दिलेली नाही. जगाला पर्यावरणाचे पाठ देणाऱ्यांची ही तऱ्हा.

कराराचा गाभा शेतकऱ्याला चटकन समजेल असा आहे. शेजाऱ्याच्या शेतातून पाणी न्यायचे तर आधी त्याला विचारावे लागते. त्याचप्रमाणे घातक कचरा धाडणाऱ्या देशाने घेणाऱ्या देशाला आणि वाटेतील देशांना आधी लेखी कळवायचे, त्यांची लेखी संमती आली तरच जहाज हलवायचे. मालासोबत त्याची नोंद असलेला कागद मूळ ठिकाणापासून अखेरच्या भट्टीपर्यंत गेला पाहिजे. संमतीवाचून किंवा खोटे वर्णन करून माल पाठवला तर ती बेकायदा वाहतूक ठरते, आणि दोष पाठवणाऱ्याचा असेल तर त्याच्या देशाने कळवल्यापासून तीस दिवसांत तो परत नेला पाहिजे. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांकडे असा कचरा पाठवूच नये, ही दुरुस्ती १९९५ मध्ये मांडली गेली. ती अमलात यायला ५ डिसेंबर २०१९ उजाडला, आणि त्या दिवशी तिला मान्यता देणाऱ्या देशांत भारत नव्हता.

आपल्याकडे पहिले नियम १९८९ चे. सध्या लागू आहेत ते २०१६ चे, वेळोवेळी दुरुस्त झालेले. नुसती विल्हेवाट लावण्यासाठी घातक कचरा भारतात आणता येत नाही. पुनर्प्रक्रिया वा पुनर्वापर यांसाठीच, तोही परवानगीने, आणता येतो. घरगुती कचऱ्यावर तर संपूर्ण बंदी आहे. बेकायदा माल आला तर आयातदाराने तो नव्वद दिवसांत स्वखर्चाने परत पाठवायचा. वाचताना कोणाचेही समाधान व्हावे, असे हे नियम आहेत. तरीही ‘पुनर्प्रक्रिया’ या एका शब्दाच्या फटीतून पुष्कळ काही आत येते.

जुन्या टायरांचेच पाहा. टायर बंद भट्टीत तापवून त्यातून हलके इंधन-तेल काढतात. मागे काळी भुकटी आणि हवेत विषारी वायू राहतात. यासाठी परदेशातून टायर आणण्यास जुलै २०२२ च्या दुरुस्तीने मनाई झाली. रबराचा भुगा करण्यासारख्या अन्य प्रक्रियेसाठी मात्र ते येऊ शकतात. बंदरातून बाहेर पडलेला टायर भुगा करणाऱ्याकडे गेला की भट्टीवाल्याकडे, हे पाहणार कोण? जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन दोन स्त्रिया आणि दोन मुले मृत्युमुखी पडली. युरोपातून आलेले टायर तेथे वापरले जात होते, असे नंतरच्या वृत्तांतून पुढे आले. नियम होता, बंदीही होती.

आणखी एक प्रकरण सांगतो, त्यात दिशा उलटी आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारात विषारी कचरा पडून राहिला. त्यातील साडेतीनशे टनांच्या आसपासचा साठा नागपूरजवळ बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा, असा प्रस्ताव आला. विदर्भातून तीव्र विरोध झाला आणि बेत बारगळला. मग २०१२ मध्ये हा कचरा विमानाने जर्मनीला नेण्याचे ठरले. केंद्रीय मंत्रिगटाने सुमारे पंचवीस कोटींच्या खर्चाला संमतीही दिली. परंतु तेथील जनतेनेही विरोध केला आणि त्याच वर्षी जर्मन संस्थेने अंग काढून घेतले. सरतेशेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला नेण्यात आला. तेथेही लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर तो जाळून झाला. चाळीस वर्षे त्याला कोणत्याच हद्दीत जागा मिळाली नाही. नागपूरकरांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, जर्मनांनाही नाही. मात्र तो कचरा बाहेर धाडू पाहणारे आपणही होतो, हे परक्यांना बोल लावताना ध्यानात असू द्यावे.

उलट दिशेचा एक प्रयत्न यशस्वीही झाला. तामिळनाडूतील कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातील पारायुक्त कचरा, सुमारे २९० टन, २००३ मध्ये अमेरिकेला परत पाठवण्यात आला. कंपनी बलाढ्य होती, नियमही आजच्याइतके कडक नव्हते. पण स्थानिक रहिवासी, कामगार आणि पर्यावरण कार्यकर्ते २००१ पासून त्या विषयाला चिकटून राहिले. भंगारवाल्याकडे पारा लागलेली काच कशी पोहोचली, ही तेथल्या शोधाची सुरुवात होती. म्हणजे धागा बंदरात नव्हे, गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडला.

येथील कार्यकर्त्यांना काय करता येईल, असे संयोजकांनी मला आधीच विचारून ठेवले आहे. बंदरावर जाऊन कंटेनर उघडणे आपले काम नाही. पण वापरलेल्या तेलासाठी १ एप्रिल २०२४ पासून नवी तरतूद लागू झाली आहे. वंगण तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर ते पुन्हा गोळा होऊन नोंदणीकृत केंद्रात शुद्ध होईल, हे पाहण्याची जबाबदारी आली आहे. तेव्हा आपल्या गॅरेजमधून, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून महिन्याला किती लिटर काळे ऑइल निघते, कोण नेतो, त्याच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कागद आहे का आणि तो पावती देतो का, एवढे विचारून वहीत उतरवावे. शाळेतील मुलेसुद्धा हे करू शकतील. उत्तरे पुष्कळदा गुळमुळीत येतील. तीही तशीच, तारखेसह, लिहून ठेवावीत.