छोट्या आगगाड्यांचा मेळावा आणि दुकानांची वेळ



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हसूं येईल. खऱ्या आगगाडीच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या हौशी माणसांचा मेळावा भरतो, तेव्हां तेथील विक्रीचीं दुकानें किती वाजतां उघडावीं आणि किती वाजतां मिटावीं, ह्याचा विचार मी आपणांपुढें मांडणार आहें. प्रश्न लहान आहे, हें मला मान्य आहे. परंतु जन्मभर शाळेचीं वेळापत्रकें करण्यांत ज्याचे केस पिकले, त्याला एवढें पक्कें ठाऊक असतें कीं, तासांची वांटणी चुकली म्हणजे चांगला विषयही मुलांच्या हातून निसटतो.

मी नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरचा. आमचें गांव लाल मिरचीबद्दल प्रसिद्ध आहे. त्या मिरचीइतकीच आम्हांला आमची छोटी गाडी प्रिय होती. नागपूरच्या इतवारी स्टेशनांतून निघून उमरेड व भिवापूर ह्या मार्गानें ती नागभीडला जाई. बंगाल-नागपूर रेल्वेनें बांधलेल्या ह्या मार्गावर दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होतें. रुंदीकरणासाठीं २०१९ च्या नोव्हेंबरांत ती गाडी बंद झाली. ती धांवत होती तोंवर बाजारच्या दिवशीं दुकानदाराला घड्याळाची गरज नसे. परतीच्या गाडीची वेळ जवळ आली कीं भाजीवाली भाव उतरवी, कापडवाला गज हातीं घेई, आणि घासाघीस आपोआप थांबे. गिऱ्हाइकाला घरीं जावयाचें आहे, हें सर्वांना ठाऊक असे. हा साधा धडा मीं पुढें विसरलों, त्याचीच ही गोष्ट आहे.

गाडी बंद झाल्यावर तिची आठवण हातांनीं जपावी असें कांहीं जुन्या विद्यार्थ्यांच्या मनांत आलें. ह्या छंदांत एक प्रमाण सर्वमान्य आहे : खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची प्रतिकृती. ७६२ ला ८७ नीं भागा. उत्तर पावणेनऊच्या आसपास येतें. आतां नऊ मिलिमीटर अंतराचे तयार रूळ व चाकें ह्या छंदाच्या दुकानांत मिळतात. म्हणजे आपल्या देशांतील मोठ्या गाडीच्या रुळांचें माप ज्या प्रमाणांत तयार मालाशीं नीट जुळत नाहीं, त्याच प्रमाणांत आमच्या लहान गाडीचें माप जवळजवळ तंतोतंत बसतें! डबा पुठ्ठ्याचा करतां येतो, स्टेशन आगपेट्यांचें करतां येतें. पण चाकें घरीं होत नाहींत. तीं विकत घ्यावीं लागतात, आणि विकणारे थोडे. म्हणून मेळाव्यांतील दुकान ही केवळ शोभा नसून ह्या छंदाची शिदोरी आहे.

हा छंद जगांत नवा नाहीं. लंडन येथें १९१० सालीं ह्या हौशी मंडळींचा क्लब निघाला, आणि अमेरिकेंतील राष्ट्रीय संघटना १९३५ सालीं मिलवॉकी शहरीं स्थापन झाली. त्या संघटनेच्या वार्षिक संमेलनांत सभासदांचीं व्याख्यानें, प्रात्यक्षिकें व एकमेकांच्या मांडण्या पाहणें आठवडाभर चालतें, आणि सर्व लोकांना खुलें असें विक्रीचें प्रदर्शन बहुधा अखेरीस, शनिवार-रविवार साधून भरवितात. जाणकारांचा अभ्यास व कुटुंबांची खरेदी ह्यांच्या वेळा अशा वेगळ्या ठेवल्यानें दोहोंस मोकळीक मिळते. आपल्याकडे पुण्यास कोथरूडमध्यें भाऊ जोशी ह्यांनीं १९९८ सालीं छोट्या रेल्वेचें संग्रहालय उघडलें. तेथें संपूर्ण नगरीच मांडलेली आहे, आणि गाड्यांचा खेळ ठराविक वेळेचा असून प्रेक्षक तो एका बैठकींत पाहतात.

हीं उदाहरणें डोळ्यांपुढें ठेवून नागपुरांतील एका लहानशा, एकाच दिवसाच्या मेळाव्याचें वेळापत्रक मीं आंखलें. मास्तराच्या हातीं वेळापत्रक आलें म्हणजे काय होतें, तें आपण जाणतांच. सकाळीं मांडण्या पाहणें, दुपारीं व्याख्यानें, मग गाड्यांचा खेळ, आणि सायंकाळीं पांचपासून आठपर्यंत विक्री. दुकानें आधीं उघडलीं तर लोक तेथेंच गर्दी करतील व पाहण्याकडे दुर्लक्ष होईल, ही माझी भीति. नियम कडक होता. विक्रेत्यांनीं मालावर चादरी ओढल्या होत्या.

रात्रीं आवराआवर करतांना एक विक्रेता मला म्हणाला, "गुरुजी, आपल्या भिवापूरकडचा एक पोरगा आला होता, बापाबरोबर. पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला होता, फार सुबक. चार चाकें पाहिजे होतीं. पैसे मुठींत होते. पण साडेचारला त्यांना बसकडे निघावें लागलें. आपली घंटा व्हायची होती, म्हणून मीं चादर काढली नाहीं."

मीं नांव विचारलें. तें त्यानें विचारून ठेवलें नव्हतें. ज्या गाडीसाठीं हा सारा खटाटोप, तिच्याच गांवचा मुलगा माल दोन हातांवर असतां रिकाम्या हातीं परतला, आणि त्या वेळीं मी शेजारच्या दालनांत ह्याच छंदाच्या प्रसारावर बोलत होतों!

ह्यानंतर मीं वेळापत्रक नव्यानें केलें. त्याचीं सूत्रें सांगतों. कोणत्याही प्रदर्शनाला तीं लागू पडावींत.

पहिलें, दुकानें मेळाव्याबरोबरच उघडावीं. विक्रेत्यांस मांडणीसाठीं आदला दिवस द्यावा. सभासदांना अर्धा तास आधीं सोडण्यास हरकत नाहीं. त्याहून अधिक नको, नाहींतर दुर्मिळ माल मुलें येण्यापूर्वींच संपतो.

दुसरें, विक्री अखेरीस ढकलूं नये. इंजिन घेतल्यावर तें रुळावर चालवून पाहावें लागतें. सकाळीं घेतलेलें इंजिन अडलें तर दुपारीं बदलून मिळतें. रात्रीं घेतलेलें अडलें तर तंटा होतो.

तिसरें, सर्वांनीं एकत्र पाहावयाचा मुख्य खेळ असेल तेवढा अर्धा तास दुकानें मिटावीं. विक्रेताही मुळांत हौशीच असतो. त्यालाही खेळ पाहूं द्यावा. व्याख्यानांसाठीं मात्र दुकानें बंद करूं नयेत, दालनें दूर ठेवावींत. विक्रेत्यांच्या जेवणाचा तास दाराशीं फळ्यावर लिहावा, म्हणजे कोणी ताटकळत नाहीं.

चौथें आणि मुख्य, वेळ ठरविण्यापूर्वीं बाहेरगांवच्या शेवटच्या बसेस व गाड्या केव्हां सुटतात, ह्याची चौकशी करावी. त्याआधीं तासभर घोषणा करावी, आणि ठरल्या वेळेपूर्वीं कोणींही माल बांधूं नये. तसेंच ठरल्या वेळेनंतर कोणीं विक्री रेटूंही नये; विक्रेत्यालाही हिशेब करून घर गांठावयाचें असतें.

ह्या बदलाचे तोटे मी लपवीत नाहीं. पुढल्या खेपेस पहिल्या व्याख्यानाला माणसें थोडीं जमलीं, आणि दुकानांपाशीं गलबला झाला. पण एक गोष्ट मला दिसली. ज्याला हवी ती वस्तु मिळाली, तो नंतर मांडणीपुढें निवांत उभा राहिला. ज्याला मिळाली नव्हती, त्याचें लक्ष अर्धें दुकानाकडेच राहिलें. माझी भीति उलटी होती.

त्या खेपेस मीं चार चाकें विकत घेऊन खिशांत ठेवलीं होतीं. पुठ्ठ्याचा डबा घेतलेला मुलगा येतो का, म्हणून दिवसभर दाराकडे पाहत होतों. तो आला नाहीं. चाकें माझ्या टेबलाच्या खणांत आहेत. वेळापत्रक सुधारतां येतें. गेलेली वेळ परत देतां येत नाहीं, हें शाळेंत इतकीं वर्षें मुलांना सांगणाऱ्या मला त्या चार चाकांनीं शिकविलें.