पापड का तडकले?



मागच्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याने आमच्या गटाचे उडदाचे पापड परत पाठवले. बरेचसे तडकलेले होते. बैठकीत सगळ्यांची बोटं एकाच ताईंकडे वळली, कारण पीठ त्यांनी भिजवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकींना आल्या नाहीत. मी गटाची समन्वयक, तरी मीही गप्प बसले. त्याच सुमारास पुण्याला जैवतंत्रज्ञान शिकणारी माझी धाकटी नणंद सुट्टीला आली. तिच्या अभ्यासाने आमचा प्रश्न कसा सुटला, ते आज सांगते.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी मधुमेहासाठी इन्शुलिनची बाटली असते. इन्शुलिन हे एक प्रथिन आहे. पूर्वी ते डुकराच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाचं इन्शुलिन ई. कोलाय नावाच्या जिवाणूकडून बनवून घेतलं. १९८२ मध्ये तिथे ते विकायला परवानगी मिळाली. प्रथिन कसं बनवायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते. ते जनुक जिवाणूत घातलं, की जिवाणू त्या कृतीप्रमाणे प्रथिन बनवू लागतो. आज अनेक औषधं अशी तयार होतात.

नणंद म्हणाली, "वहिनी, ऐकायला सोपं आहे, पण जिवाणूचं तंत्र सांभाळावं लागतं. आधी त्याला पोषक पाण्यात वाढवायचं. मग एक रसायन घालून इशारा द्यायचा, की आता प्रथिन बनव. ऊब किती ठेवायची, इशाऱ्याचं रसायन किती घालायचं आणि कधी घालायचं, या तीन गोष्टींवर बरंच काही ठरतं."

३७ अंश, म्हणजे आपल्या अंगाइतक्या उबेत जिवाणू भराभर काम करतो. पण घाईत काही प्रथिनांची नीट घडी बसत नाही आणि त्यांच्या गुठळ्या होतात. पिठल्यात पीठ घाईने ओतलं की होतात, तशाच. ऊब २०-२५ अंशांवर आणली तर काम हळू होतं, पण पुष्कळदा प्रथिन नीट घडतं.

मी म्हटलं, "मग एकेक गोष्ट बदलून बघायची." ती हसली. "तिथेच फसतो आपण. या गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. जास्त उबेत जो इशारा गुठळ्या करतो, तोच कमी उबेत चालून जाऊ शकतो. एकेक बदलत गेलं तर ही जोडी कळतच नाही."

म्हणून ते आधी आराखडा करतात. ऊब जास्त-कमी, रसायन जास्त-कमी, वेळ लवकर-उशिरा. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ खेपा. त्यात चार जास्त उबेच्या, चार कमी उबेच्या. रसायनाचं आणि वेळेचंही तसंच. त्याच आठ खेपांतून तिन्ही गोष्टींचा परिणाम कळतो आणि कोणती जोडी बिघडवते तेही कळतं. कोणती खेप आधी करायची, ते चिठ्ठी टाकून ठरवतात, म्हणजे आपल्या मनाचा कल आड येत नाही.

आणि मैत्रिणींनो, ही रीत शेतातूनच प्रयोगशाळेत गेली आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ खतांच्या आणि पिकांच्या प्रयोगांवर काम करत होते. तिथे त्यांनी हे नियम बसवले आणि १९३५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

मग आम्हीही करून पाहिलं. पीठ घट्ट किंवा सैल, वाळवण कडक उन्हात किंवा सावलीत. चार प्रकार झाले. प्रत्येक प्रकार दोनदा, म्हणजे आठ गोळे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि तडकलेले पापड मोजून वहीत लिहिले. घट्ट पिठाचे पापड सावलीत चांगले वाळले. सैल पिठाचे उन्हातही फारसे तडकले नाहीत. घट्ट पीठ आणि कडक ऊन एकत्र आलं, त्या दोन्ही गोळ्यांचेच पापड जास्त तडकले.

पीठ त्या ताईंनी भिजवलं होतं, पण पापड उन्हात आम्हीच टाकले होते. दोष एकट्या कुणाचाच नव्हता. आम्ही चौघीजणी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी वही नीट पाहिली, चहा टाकला आणि म्हणाल्या, "हे आधी मोजलं असतं तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या गटात लोणचं बिघडलं, पीठ आंबलं नाही, तर आधी वही काढा. संशयाच्या दोन गोष्टी निवडा, चार प्रकार करा, प्रत्येक दोनदा करा, क्रम चिठ्ठीने ठरवा आणि मोजून लिहा. बाकी सगळं तेच ठेवा. मात्र इन्शुलिनच्या किंवा कुठल्याही औषधाच्या मात्रेवर असले प्रयोग करायचे नाहीत. ती डॉक्टर सांगतील तेवढीच घ्यायची.

बोट दाखवायला क्षण पुरतो, मोजायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस द्या.