उताराची सायकल चढावर नेताना

आम्ही सात-आठ जणी साताऱ्याच्या आसपास डोंगरवाटांवर सायकल चालवतो. आमच्यातल्या एकीकडे वापरलेली डाउनहिल सायकल आली. ती आम्ही चढाजोगी करून घेतली. काय बदललं आणि कशाला हात लावला नाही, ते आज सांगणार आहोत.

डाउनहिल सायकल डोंगर उतरण्यासाठीच घडवलेली असते. पुढे-मागे साधारण 200 मिलिमीटर दबणारी सस्पेन्शन, जाडजूड टायर आणि वजन 16 ते 18 किलो. परदेशात ती रोपवेनं किंवा गाडीनं वर नेतात आणि चालवत खाली आणतात. आपल्याकडे मात्र दर वेळी कुणाची तरी जीप मागायची आणि त्यांच्या सवडीनं निघायचं. आपल्या पायांनी वर जाता आलं, तरच सायकल आपली. म्हणून हा खटाटोप.

तो काही नवा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1970 च्या दशकात काही मंडळी जुन्या, जड सायकली गाडीत टाकून डोंगरावर न्यायची आणि उतारावरून भरधाव खाली यायची. त्यांच्यात वेंडी क्रॅग ही बाई होती. ती सायकलही चालवायची आणि फोटोही काढायची. पुढे त्या मंडळींनी त्याच सायकलींना गिअर बसवले आणि चढही चढू लागली. माउंटन बाइक अशीच घडत गेली.

आता आपल्या कामाकडे वळू. पहिलं काम टायरचं. डाउनहिलचा एक टायर 1200-1300 ग्रॅमचा असतो. ट्रेलचा टायर 900 ग्रॅमच्या आसपास मिळतो. शिवाय डाउनहिल टायरचं रबर मऊ, जमिनीला चिकटणारं असतं, त्यामुळे चढावर पाय लवकर भरून येतात. रिम चालत असेल तर जाड ट्यूब काढून ट्यूबलेस करा.

दुसरं काम गिअरचं, आणि सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. समजा, पुढच्या चक्राला 36 दाते आहेत आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला 24. मग पायडलच्या एका फेरीत चाक दीड फेरी फिरतं. पुढे 32 आणि मागे 42 दाते केले, की चाक पाऊण फेरीच फिरतं. वेग निम्मा होतो, पण पायाला लागणारा जोरही निम्मा होतो. यासाठी मागचा गिअर, हँडलवरचा खटका आणि चेनही बदलावी लागते. काही डाउनहिल हबवर मोठा संच बसत नाही, म्हणून खरेदीआधी मागचं चाक दुकानात घेऊन जा.

तिसरी गोष्ट मागच्या शॉकची स्प्रिंग. तिच्यावर 350, 450 असा कडकपणाचा आकडा छापलेला असतो. आधीच्या मालकाच्या वजनाची स्प्रिंग आपल्याला चालेलच असं नाही. आधी रिकाम्या सायकलीच्या शॉकच्या दोन बोल्टांमधलं अंतर टेपनं मोजा. मग सीटवर बसा आणि मैत्रिणीला पुन्हा मोजायला सांगा. शॉक 75 मिलिमीटर दबणारा असेल, तर फरक 19 ते 22 मिलिमीटर यायला हवा. जास्त आला तर चढावर सायकल मागे बसते आणि पायडल दगडांना आपटतं. कमी आला तर चाक दगडांवरून उडतं.

चौथी गोष्ट सीट. चढावर ती उंच हवी, नाहीतर गुडघे दुखतात. पण या सायकलीत सीटची नळी आखूड असते. दांड्यावर कमीत कमी किती आत हवं त्याची खूण असते. ती खूण नळीबाहेर दिसता कामा नये, नाहीतर फ्रेमला तडा जाऊ शकतो. गरज पडली तर लांब दांडा घ्या, पण तो नळीत पुरेसा उतरतो का, हे आधी बघा.

ब्रेकला मात्र हात लावू नका. जो डोंगर चढलो, तोच उतरायचाही आहे.

पुढचा दुहेरी पट्ट्यांचा चिमटा, म्हणजे फोर्क, जड असतो आणि अरुंद वळणावर हँडल पुरतं वळू देत नाही. एकेरी फोर्क हलका पडतो. पण त्याची उंची जुन्याइतकीच हवी, नाहीतर पुढचा भाग खाली येतो. हा खर्च मोठा आहे, म्हणून शेवटी ठेवा.

एवढं करून आमच्या सायकलीचं वजन जेमतेम एक किलोनं उतरलं. फ्रेम तीच आहे, त्यामुळे ती ट्रेल सायकलीइतकी हलकी होणार नाही. तरीही यवतेश्वरचा घाट आता तिच्यावर बसून, दमानं चढता येतो. ही किमया गिअरची.

म्हणून टायर, गिअर आणि स्प्रिंग एवढंच आधी करा आणि महिनाभर चालवा. त्यानंतरही फोर्क, शॉक, चाकं असं सगळंच बदलावंसं वाटलं, तर कागदावर बेरीज मांडा. तेवढ्या पैशांत वापरलेली ट्रेल सायकल मिळत असेल, तर ही विकून ती घ्या.