पालकत्व संपते तेव्हा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आईबाप गेलेले भाचे-पुतणे आपल्या घरोघर वाढले आहेत. त्यांना सांभाळावे कसे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु कोर्टाने जिला पालक नेमले, त्या काकूचे किंवा मावशीचे काम मूल सज्ञान होताच संपले, असा समज सर्रास आढळतो. त्या दिवशी संपतो तो अधिकार, जबाबदारी उरतेच.

पूर्वी अशा मुलाला सज्ञान होण्यास २१ वर्षे पुरी व्हावी लागत. १९९९ च्या दुरुस्तीपासून १८ पुरेत. त्यानंतर त्याच्या बँकखात्यावर आपली सही चालत नाही. "काकू, तूच पाहा सगळं," असे तो म्हणाला, तरी त्याच्याकडून रीतसर मुखत्यारपत्र घ्यावे.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मुलाची मालमत्ता आणि तिचे हिशेब स्वाधीन करण्यास कोर्ट पालकाला सांगू शकते. पालक हयात नसेल, तर त्याच्या वारसांनाही. म्हणून हिशेबाची वही कोठे ठेवली आहे, हे घरात आणखी एकाला ठाऊक असू द्यावे.

सातबाराचे उतारे, घरपट्टीच्या व ठेवींच्या पावत्या यादी करून द्याव्यात. दागिने वजन करून द्यावेत. शाळेची फी, औषधपाणी यांचा खर्च मांडावा आणि सर्व पोहोचल्याची सही घ्यावी. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे सारे दिले, म्हणजे जबाबदारीतून मुक्त केल्याचा आदेश मागता येतो. मागाहून लबाडी उघडकीस आली, तर मात्र तो आदेश वाचवीत नाही.

कोणी म्हणेल, पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याच्याशी हिशेब कसला? भगिनींनो, उद्या घरात सून येते. सासूबाईंच्या पाटल्या कुठे गेल्या, असे ती सहज विचारते. त्या याच मुलाच्या दुखण्यात मोडलेल्या असतात. पण सोनाराची पावती सापडत नाही आणि पंधरा वर्षांच्या कष्टांवर एका प्रश्नाने पाणी पडते. हिशेबाने माया आटत नाही, संशयाने आटते.

तेव्हा ज्या भगिनी आज पालक आहेत, त्यांनी मूल अठरा वर्षांचे होण्याची वाट न पाहता आजच वही घालावी. मुलगा-मुलगी जाणती होऊ लागली, की वर्षातून एकदा त्यांना ती वाचून दाखवावी. आपण त्यांची ठेव सांभाळीत आहोत, हे त्यांनाही कळू द्यावे.