तारीख कुणाला विचारायची?



माझ्या नाकावर कॅन्सर आहे. डाव्या नाकपुडीच्या जरा वर, चष्मा टेकतो त्याच्या खाली. आकार ६ मिलिमीटर, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा. रंग काळसर, कडेला किंचित चकाकी, मध्ये खपली. तोंड पुसताना पंचा लागला की खपली निघायची, रक्ताचा एक ठिपका यायचा, पुन्हा खपली धरायची. चष्मा घासतोय, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. चष्मा बदलला, खपली काही बदलली नाही. मग मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्याने रिपोर्ट हातात पडला: बेसल सेल कार्सिनोमा.

मी आरोग्यसेविका होते. लसीची पेटी खांद्याला लावून वाड्यावस्त्या पालथ्या घालण्यात सगळी नोकरी गेली, तीही उन्हातान्हात. या आजाराचं मुख्य कारण ऊनच. जगात सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच, पण तो प्रामुख्याने गोऱ्या कातडीच्या लोकांत. आपल्या सावळ्या कातडीला थोडं कवच आहे, म्हणून आपल्याकडे तो कमी होतो. आणि झाला तरी काळपट असल्यामुळे तीळ किंवा चामखीळ म्हणून खपून जातो. चेहऱ्यावर, त्यातही नाकावर, त्याचा डोळा जास्त. तो जागच्या जागी कुरतडत राहतो. फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन बसणं हा त्याचा स्वभाव नाही. तसं फार म्हणजे फारच क्वचित घडतं. पण वर्षानुवर्षं सोडून दिला तर खालची कूर्चा आणि हाडसुद्धा खातो.

म्हणजे काढायचा हे नक्की. कधी काढायचा, यावर मात्र आमच्या घरात महिनाभर पुरेल एवढी चर्चा चार दिवसांत झाली.

गणपती नुकतेच गेले होते. पुढे पितृपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळी आणि मार्गशीर्षात माझ्या भाचीचं लग्न. पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला, ‘वहिनी, कॅन्सर म्हणजे थट्टा नव्हे. उद्याच्या उद्या टाटाला चला.’ थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘पितृपक्षात अंगाला शस्त्र लावू नये, बाई. नवरात्र होऊ दे.’ मुलाने हिशेब मांडला की दिवाळीला जोडून त्याला रजा आहे, तेव्हाच उरकू. बहीण काही बोलली नाही, पण लग्नाच्या फोटोत मावशीच्या नाकावर टाके तिला दिसत असावेत. शेजारच्या काकूंनी तर आवाज खाली आणून सांगितलं, ‘हातच लावू नका हो. चाकू लागला की पसरतो.’ कुणी पंचांग बघत होतं, कुणी रजा बघत होतं. गाठीला कुणी विचारत नव्हतं.

काकूंचं म्हणणं आधी निकालात काढते, कारण नोकरीत ते मी घरोघर ऐकलं आहे. पसरलेला कॅन्सर घेऊन माणूस शेवटच्या टप्प्यावर दवाखान्यात येतो. डॉक्टर जमेल तेवढं काढतात. पुढे चार महिन्यांत तो जातो. घरच्यांच्या लक्षात राहतो तो चाकू. त्याआधीची दोन वर्षं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्यासारखी गाठ चाकूने पसरत नाही. चाकूने ती बरी होते, आणि बहुतेकांची पहिल्याच वेळी होते.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘मी किती थांबू शकते? आणि थांबले तर माझं काय जाईल?’ हे दोन प्रश्न मी मुद्दाम एकत्र विचारले. नुसतं ‘कधी करायचं?’ विचारलं की डॉक्टर म्हणतात, ‘लवकर करून घ्या,’ आणि प्रत्येक जण लवकर या शब्दात आपल्या सोयीचा महिना भरतो.

डॉक्टरांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर नाक काढलं. चित्र काही बरं नव्हतं, पण हिशेब चोख होता. गाठ ६ मिलिमीटर. दिसते त्याच्या पलीकडे तिची मुळं गेलेली असतात, म्हणून चारी बाजूंनी ४ मिलिमीटर चांगली दिसणारी कातडीही काढायची. ६ अधिक ४ अधिक ४, म्हणजे जखम १४ मिलिमीटरची. दोन सेंटिमीटरच्या आतली आणि कडा स्पष्ट असलेली गाठ एवढी जागा सोडून काढली, तर शंभरातल्या सुमारे ९५ जणांची मुळासकट निघते. ‘आता गाठ दुप्पट झाली असं धरा,’ ते म्हणाले, ‘१२ अधिक ८, २० मिलिमीटर. तुमचं नाक काही वाढणार नाही. आज गालाकडची कातडी सरकवून माझं भागेल. तेव्हा मला कपाळावर जावं लागेल.’

कपाळावर जावं लागेल म्हणजे काय, ते ऐकण्यासारखं आहे, आणि ती गोष्ट आपल्या पुण्याचीच आहे. टिपू सुलतानाशी १७९२ च्या सुमारास झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या वैद्याने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तेवढी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त मिळत राहील. मग ती कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या कडांवर बसवली. वर चिकटवायला काय, तर आपण विड्यात घालतो तो कात. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि त्या एकावर एक ठेवल्या. जोडलेली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापली. हे सगळं दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला ते चित्रासकट छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आजही नाकाचा मोठा भाग गेला की सर्जन कपाळावरूनच कातडी आणतात, आणि जोडपट्टी तीनेक आठवड्यांनी कापतात. सुश्रुतापासून चालत आलेली विद्या आहे, अभिमान जरूर वाटावा. पण कावसजीला दुसरा इलाज नव्हता. मला आज आहे. तीन आठवडे कपाळ नाकाला बांधून बसायचं की गालावर एक रेघ पत्करायची, यातलं काय हे मी कधी जाते त्यावर ठरणार होतं.

बरं, मग उद्याच का नाही? डॉक्टर म्हणाले, ‘दोन महिन्यांनी फार फरक पडणार नाही. दोन वर्षांनी पडेल. दिरांना सांगा, रात्रीची गाडी पकडायची गरज नाही.’ २०२० साली कोरोनामुळे दवाखाने भरले तेव्हा बाहेरच्या देशांतल्या कॅन्सरतज्ज्ञांनीही अशा सौम्य बेसल सेल गाठींसाठी तीनेक महिने थांबायला हरकत नाही, असंच सांगितलं होतं. म्हणजे मला थोडा अवकाश होता आणि तो कसा वापरायचा ते माझ्या हातात होतं.

हा अवकाश सगळ्यांना नसतो, हे मात्र इथे ठासून सांगितलं पाहिजे. डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा पापणीवर अशी गाठ असेल तर दोन मिलिमीटरही महाग पडतात. तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग वाढत असेल तर तो मेलानोमा नावाचा त्वचेचा दुसरा कॅन्सर असू शकतो; त्यात आठवडेसुद्धा मोजून काढायचे. आणि स्क्वॅमस सेल नावाचा जो त्वचेचा कॅन्सर आहे, तो काखेतल्या, जांघेतल्या, मानेतल्या गाठींत उतरू शकतो. त्याला मुहूर्त शोधू नये. उलट, नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या गालावर माझ्यासारखी हळू वाढणारी गाठ असेल, तर काही न करता नुसती नजर ठेवणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तो डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून घ्यायचा. किरणोपचारही असतात, आणि अगदी वरवरच्या गाठींना मलमं असतात. माझ्या गाठीला मलम चालणार नव्हतं, कारण ती खोल होती.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोहस यांनी १९३० च्या दशकात काढलेली एक पद्धतही आहे. तिच्यात पातळ थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिथे गाठ उरली असेल तेवढाच पुढचा थर घेतात. नाकासारख्या जागेला ती फार चांगली, पण आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. माझी गाठ लहान, कडा स्पष्ट, पहिल्यांदाच झालेली, म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. एका मंगळवारी गाठ काढायची आणि जखमेवर नुसती पट्टी ठेवायची. आठवड्यात कडांचा रिपोर्ट येईल. कडा मोकळ्या असल्या तर पुढच्या मंगळवारी गालाकडची कातडी सरकवून जखम बंद. नसल्या तर जिथे उरली असेल तिथेच आणखी थोडं काढायचं.

एका मंगळवारपासून दुसऱ्या मंगळवारपर्यंत. डॉक्टर कॅलेंडर उलटत होते. मी विचारलं, ‘पितृपक्षात तुमच्याकडे गर्दी असते का?’ ते हसले. म्हणाले, ‘त्या पंधरवड्यात माझं थिएटर मोकळं असतं. हव्या त्या तारखा घ्या.’ घेतल्या. जाऊबाईंना सांगितलं की आमच्या सासूबाई जिवंत असत्या तर सुनेचं नाक वाचतंय म्हणून त्यांनीच मला धाडलं असतं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या मते पटलं असावं. पटलं नसलं तरी त्या दिवशी डबा त्याच आणणार आहेत.

भाचीलाही सांगून टाकलं, यंदा मावशी नथ घालणार नाही. लग्नापर्यंत टाके निघून बराच काळ झालेला असेल, चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत काढतात. पण व्रण काही महिने लालसर राहतो. फोटोवाल्याला काय ते सांभाळून घेऊ दे.

तयारी म्हणाल तर फारशी नाही. भूल फक्त त्या जागेपुरती, इंजेक्शनची. नाकावर ती सुई चांगलीच झोंबते, हे तुकडा काढताना कळलंय. पुढे दाबल्यासारखं वाटतं, दुखत नाही. नाश्ता करून या म्हणाले आहेत. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. साखर आटोक्यात असावी. आणि बायांनो, मिश्री असेल तर ती आधीच सोडा. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो, आणि सरकवलेली कातडी जगायला तोच तर हवा असतो. डोळ्याखाली काही दिवस काळंनिळं होईल, त्याला घाबरू नये. उन्हात जाताना पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढायचा. तो पुढेही तसाच ठेवायचा, कारण एकदा अशी गाठ झालेल्याला दुसरीकडे होण्याची शक्यता जास्त असते. पैशांचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून आपलं ऑपरेशन त्यात बसतं का ते विचारावं.

आता शेवटचं, आणि हे माझ्या नाकापेक्षा महत्त्वाचं. आपल्याकडे धोतर कमरेला घट्ट आवळून नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ सालीच लिहून ठेवलं आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच कॅन्सरच्या दोन बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, तिच्या कुशीवर दीड वर्ष न भरलेली जखम. दुसरी चाळीस वर्षं रोज लुगडं नेसणारी, तिची जखम दोन वर्षांची. कॅन्सर जांघेतल्या गाठीत पोहोचलेला. कमरेवर काळा पट्टा सगळ्यांनाच पडतो, त्यात काही नाही. पण त्याच जागी सतत घासून जखम झाली आणि ती भरेना, तर ती साधी जखम राहत नाही. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, स्टोव्हच्या भडक्यात पोळलेल्या कातडीवर, वीस-तीस वर्षांनीसुद्धा असा कॅन्सर होऊ शकतो. बाई ते दाखवत नाही, कारण ती जागा झाकलेली असते, आणि विचारणारंही कुणी नसतं.

तेव्हा आज घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, नाडीखाली दुखतं का, जखम आहे का, किती दिवसांची. महिनाभर भरली नसेल तर तिला त्वचेच्या डॉक्टरकडे किंवा सर्जनकडे न्या, तुकडा तपासायला लावा, आणि तोवर नाडी सैल बांधायला सांगा. तिला सणासुदीची वाट पाहायला लावू नका.