गोधडीची मगजी

गोधडी विरली असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा तिचा मध्य शाबूत असतो. झिजलेला असतो तो कांठ. पांघरतांना, ओढतांना, पिळतांना हात पडतो तो कांठावरच. आईच्या लुगड्यांची गोधडी नातवंडांपर्यंत पोंचावी असें वाटत असेल, तर कांठाच्या मगजीची रुंदी शोभेवरून नव्हे, गोधडीच्या जाडीवरून ठरवावी.

हिशेब सोपा आहे. एकेरी मगजीस दिसणाऱ्या रुंदीच्या चौपट पट्टी लागते: एक भाग शिवणीचा, एक वरचा, एक खालचा व एक आंत दुमडण्याचा. दुहेरीस सहापट लागते. अर्धा इंच मगजी हवी, तर एकेरीस २ इंच व दुहेरीस ३ इंच पट्टी कापावी. शिवाय कडेवरून वळण्यासाठीं एकेरीस जाडीइतकें आणि दुहेरीस त्याच्या दुप्पट कापड अधिक धरावें. तान्ह्याच्या पातळ दुपट्यास पाव इंच पुरे. पण पांच-सहा थरांच्या गोधडीस तेवढीच घातल्यास टाका अगदीं कडेशीं येतो आणि ओढीसरशीं थर निसटूं लागतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगरांत हिमरूच्या तुकड्यांचा मोह पडतो. परंतु हिमरूच्या पाठीवर नक्षीचे धागे मोकळे असतात. रोजची ओढाताण त्यांना सोसत नाहीं. घट्ट विणीचें, आधीं धुऊन आटविलेलें सुती कापडच घ्यावें. कोपरे गोल असतील, तर पट्टी तिरकस कापावी.

एकदां फाडलेलें लुगडें पुन्हां जुळत नाहीं. म्हणून कात्री लावण्यापूर्वीं गोधडीची कड चिमटींत धरून पाहावी, आणि मगच पट्टी मापावी.