संध्याकाळची वीज

2005 च्या सुमाराचे भारनियमन आपल्याला आठवत असेल. रात्री विजेची मागणी कमी, म्हणून शेतीपंपांची पाळी रात्री येई. करवीर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात वडील बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जात. ते परतेपर्यंत आई जागी असे.

वीज लागेल त्याच क्षणी तयार करावी लागते. मागणी वाढली की 50 हर्ट्झची वारंवारता घसरते. अशा वेळी कोयनेची जनित्रे काही मिनिटांत मदतीला येतात. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा लवादाने घातली.

आता सौरऊर्जेमुळे शेतीला दिवसा वीज देता येऊ लागली आहे. सूर्य मावळला की मात्र ओढाताण तीच. म्हणून माझ्या घरची इस्त्री, मोटर दुपारीच चालते. वडिलांची ती रात्रपाळी मी विसरलेलो नाही.